जुनं लोखंड की नवा पत्रा? धडक झाल्यावर माणूस कुठल्या गाडीत वाचतो

गॅरेजपुढं चार माणसं उभी असली आणि कुणी नवी गाडी घेऊन आलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. एकजण बोनटवर अंगठ्यानं दाबून बघतो, पत्रा थोडा दबतो, आणि तो म्हणतो, "डबा आहे नुसता. खरं लोखंड ॲम्बेसिडरचं." मग दुसरा कुणीतरी जुन्या जीपची गोष्ट सांगतो. जीप बाभळीवर गेली, बाभूळ आडवी झाली, जीपचा फक्त रंग उडाला.

गोष्ट खोटी नसते. जीपला खरंच फार काही होत नाही. पण त्या जीपमधल्या माणसाच्या छातीचं आणि डोक्याचं काय झालं, हे त्या गोष्टीत बहुतेक वेळा येत नाही.

ही चर्चा नुसती पारावरची असती तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण उसाचं बिल जमा झालं, कांद्याला दर मिळाला की गावात जुन्या गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. त्यात पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या "पत्रा जाड आहे, निवांत रहा" एवढ्या एका वाक्यावर विकल्या जातात. घरातली बायकापोरं त्याच गाडीतून लग्नाला, दवाखान्यात, पंढरपूरला जातात. त्यामुळे जाड पत्रा माणूस वाचवतो का, हे नीट समजून घेतलेलं बरं.

पन्नास वर्षांचं अंतर, एकच धडक

हा वाद आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतही जुन्या गाडीचे शौकीन हेच म्हणायचे. तिथं विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संस्था आहे, रस्ता सुरक्षेचं काम करते. तिला २००९ साली पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं त्यांनी एक प्रयोग केला. शेवरोले कंपनीची १९५९ सालची बेल एअर आणि त्याच कंपनीची २००९ सालची मालिबू, अशा दोन गाड्या समोरासमोर धडकवल्या. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर. पूर्ण नाकावर नाक नाही, तर ड्रायव्हरच्या बाजूचा भाग एकमेकांवर येईल अशी. आपल्याकडं ओव्हरटेक करताना समोरून गाडी आली आणि शेवटच्या क्षणी दोघांनी स्टेअरिंग फिरवलं तर जशी धडक होते, साधारण तशीच.

बेल एअर म्हणजे लांबलचक, जाड पत्र्याची, समोर चकचकीत लोखंडी बंपर असलेली गाडी. मालिबू म्हणजे आजच्यासारखी, प्लास्टिकचा बंपर, पातळ पत्रा. वजनाला दोघी जवळपास सारख्याच, दीड टनाच्या पुढं. दोन्हींत ड्रायव्हरच्या जागी मोजमाप घेणारा पुतळा बसवला होता.

त्याचा व्हिडिओ मोबाईलवर सहज सापडतो, जरूर बघा. बाहेरून बघितलं तर दोन्ही गाड्यांची नाकं भंगार झाली. फरक आत आहे. जुन्या गाडीचा काचेजवळचा खांब मागं ढकलला गेला. डॅशबोर्ड आणि स्टेअरिंग थेट पुतळ्यावर आले. पुढची काच पूर्ण निघाली, धडक चालू असतानाच ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि सीट ड्रायव्हरच्या बाजूनं तळातून उपटून निघालं. पुतळ्याचं डोकं स्टेअरिंगवर आपटलं, मग छतावर आणि लोखंडी डॅशबोर्डवर. त्या जागी माणूस असता तर तो जागीच गेला असता, असा त्या संस्थेचा निष्कर्ष. नव्या गाडीत बसायची जागा जवळपास होती तशी राहिली. एअरबॅग फुगली, बेल्टनं पुतळा धरून ठेवला. पुतळ्याच्या डाव्या पायाला इजा होण्याची शक्यता दिसली, तेवढंच.

यावर जुन्या गाडीवाल्यांनी हरकत घेतली. धडकेत लाल धूळ उडाली, म्हणजे गाडी गंजलेली होती. तिच्यात इंजिनच नव्हतं, असं म्हणाले. संस्थेनं उत्तर दिलं की इंजिन होतं आणि सांगाडा सडलेला नव्हता. दुसरी हरकत मला जास्त पटते. त्या काळच्या शेवरोलेची चेसी इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती, मधे अरुंद. त्यामुळे कोपऱ्यावरचा मार घ्यायला तिथं जाड लोखंडच नव्हतं. हे खरं आहे. पण म्हणूनच हा प्रयोग कामाचा. वरचा पत्रा किती जाड, यापेक्षा आतला सांगाडा कसा आहे हे महत्त्वाचं, हेच त्यातून दिसतं.

पन्नास फुटी विहीर आणि कडब्याची गंजी

आता हे असं का होतं ते बघू. ताशी ६४ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एकदम थांबणं, आणि सोळा मीटर उंचीवरून खाली पडणं, हे दोन्ही शरीराच्या दृष्टीनं सारखंच. सोळा मीटर म्हणजे पन्नास-बावन्न फूट. आपल्याकडच्या खोल, कोरड्या विहिरीत काठावरून पडल्यासारखं. वेग ८० असेल तर विहीर ऐंशी फुटांच्या पुढं जाते. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो.

विहिरीच्या तळाला काळा पाषाण असेल तर काय होणार ते सांगायला नको. पण तळाला कडब्याची गंजी असेल तर? वेग तोच, माणूस तोच, उंची तीच. फरक एवढाच की दगडावर माणूस बोटभर अंतरात थांबतो आणि कडब्यात दोन-चार फूट आत जात जात थांबतो. थांबायला जितकं जास्त अंतर, तितका मार कमी.

नव्या गाडीचं नाक म्हणजे ही कडब्याची गंजी आहे. ते मुद्दाम चेंबेल असं बनवलेलं असतं. कुठं आधी दबायचं, कुठं घडी पडायची, कुठं थांबायचं, हे कारखान्यात ठरवलेलं असतं. धडकेची ताकद पत्रा वाकवण्यात खर्च होते, आणि जी खर्च होते ती माणसापर्यंत येत नाही. त्याच्या मागं माणसं बसतात ती जागा मात्र पिंजऱ्यासारखी कडक, बोनटच्या पत्र्यापेक्षा कितीतरी मजबूत पोलादाची. म्हणून नवी गाडी सगळी पातळ, हे म्हणणं चूक. अंगठ्यानं आपण दाबतो ते बोनट. खांब, उंबरा, दरवाजाच्या आतली आडवी दांडी, हे अंगठ्याला कळत नाही.

थोडा हिशोब मांडतो. ६४ च्या वेगातून माणूस ६० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर त्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सुमारे २७ पट जोर येतो. हाच माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबला तर १६० पट. पहिल्यात बेल्ट असेल तर माणूस वाचू शकतो. दुसऱ्यात वाचायचं कारण नाही.

याच हिशोबावरून आणखी एक गोष्ट. पुढच्या सीटवर आई बाळाला मांडीवर घेऊन बसते. बाळ दहा किलोचं. २७ पट म्हणजे त्या क्षणी ते बाळ पावणेतीनशे किलोचं होतं. पहिलवान असला तरी कुणाचे हात ते धरू शकत नाहीत.

गाडी धडकते तेव्हा धडक एकदाच होत नाही, तीनदा होते. पहिल्यांदा गाडी समोरच्या वस्तूवर. दुसऱ्यांदा माणूस गाडीच्या आत, म्हणजे काचेवर, स्टेअरिंगवर, पुढच्या सीटवर. तिसऱ्यांदा माणसाच्या आतले अवयव त्याच्याच हाडांवर, मेंदू कवटीवर, काळीज बरगड्यांवर. "गाडीला काही झालं नाही, माणूस बाहेरून चांगला दिसत होता, पण गेला", अशा घटना होतात त्या या तिसऱ्या धडकेनं. गाडीनं पहिल्या धडकेत मार खाल्ला नाही, की तो दुसऱ्या-तिसऱ्या धडकेत माणसाला खावा लागतो.

आपल्या जुन्या गाड्या

ॲम्बेसिडर ही मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची आवृत्ती. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती बनायची. १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि २०१४ च्या मे महिन्यात बंद पडली. मधल्या काळात इंजिन, ब्रेक यात सुधारणा झाल्या, सांगाडा मात्र जुनाच. प्रीमियर पद्मिनी ही तर आपल्या घरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीनं मुंबईत कुर्ल्याला ती बनवली, मूळ इटलीच्या फियाट ११०० चं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. आणि जीप, जिच्यावर आपल्या गावाकडचं वडाप उभं राहिलं, ती दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज गाडीची नात. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं ती मुंबईत जोडायला घेतली.

या तिन्ही गाड्यांबद्दल मला प्रेम आहे. पण त्या ज्या काळात आखल्या गेल्या, तेव्हा आतल्या माणसाचा विचार नुकताच सुरू झाला होता. नाक मऊ आणि मधली जागा कडक ठेवायची ही कल्पना मर्सिडीज कंपनीतल्या बेला बारेनी या इंजिनिअरची. तशी पहिली गाडी रस्त्यावर आली १९५९ साली. आज आपण लावतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा बेल्ट स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन यांनी बनवला, तोही १९५९ साली. कंपनीनं पेटंट घेतलं, पण बाकीच्या कंपन्यांना ते वापरायला मोकळं ठेवलं. म्हणजे ज्या वर्षी ती बेल एअर अमेरिकेत विकली जात होती, त्याच वर्षी युरोपात तिच्यावरचा इलाज तयार होता.

जुन्या गाडीतला सगळ्यात वाईट भाग कुठला, तर स्टेअरिंगची दांडी. सरळ, अखंड, लोखंडी. नाक मागं आलं की ही दांडी भाल्यासारखी ड्रायव्हरच्या छातीवर येते. नव्या गाडीत ही दांडी धडकेत दुमडते किंवा एकात एक सरकते.

जीपचं वेगळं आहे. तिची चेसी म्हणजे शिडीसारखं जाडजूड लोखंड. ती खरंच वाकत नाही. त्यामुळे जीप वाचते, आणि पूर्ण धक्का वरच्या बॉडीला आणि माणसांना बसतो. मागं दोन बाजूंना आडव्या बाकड्यांवर समोरासमोर बसलेली माणसं, ना बेल्ट, ना डोक्याला आधार. धडकेत ती एकमेकांवर आदळतात आणि मागच्या बाजूनं बाहेर फेकली जातात. आपल्या भागातल्या वडापच्या अपघाताच्या बातम्या देताना जखमींची यादी लांबलचक का असते, याचं कारण गर्दीइतकंच हेही आहे.

"१९५९ ची कशाला, माझी तर २००३ ची आहे"

हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं बेल एअर कुणी घेत नाही. व्यवहार होतो तो पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचा. त्यासाठी ऑस्ट्रेलियातला प्रयोग बघावा लागेल. तिथल्या सुरक्षा चाचणी संस्थेनं २०१७ साली टोयोटा कोरोला गाडीची १९९८ ची आणि २०१५ ची आवृत्ती अशीच एकमेकींवर धडकवली. वेग तोच, ६४. कंपनी एक, नाव एक, फक्त सतरा वर्षांचं अंतर. सोळापैकी गुण दिले. नवीला १२.९३. जुनीला ०.४०. अर्धा गुणसुद्धा नाही.

म्हणजे गाडी म्हातारी होऊन गंजते हा एक मुद्दा झाला, आणि ती ज्या काळात आखली त्या काळचं ज्ञान तिच्यात असतं हा दुसरा. दुसरा मुद्दा डेंटिंग-पेंटिंग करून सुटत नाही.

पण म्हणून नवी दिसणारी प्रत्येक गाडी चांगली असंही नाही, आणि इथं आपल्या कंपन्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या तपासल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या, सगळ्यात स्वस्त प्रकारातल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य स्टार. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा टिकला होता. बाकीच्यांचा इतका चेंबला की एअरबॅग असती तरी फार उपयोग नव्हता. मग दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली, तिला चार स्टार मिळाले. सांगाडा चांगला असेल तरच एअरबॅग कामाची, आणि एअरबॅग नसेल तर चांगला सांगाडाही अपुरा.

त्यानंतर हालचाल झाली. समोरून धडकेची सरकारी चाचणी नव्या मॉडेलला ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलला ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली, ५६ च्या वेगाची. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ उजाडेपर्यंत सगळ्या नव्या गाड्यांत आली. २०१८ च्या डिसेंबरात टाटाच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला असे पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. ती ६४ च्या वेगाची असते, बाजूनं धडक देऊनही बघतात. ही चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे. शोरूममध्ये गेल्यावर मायलेज विचारतो तसं "स्टार किती?" हेही विचारायला हरकत नाही. सेल्समन सनरूफ दाखवत बसतो, त्याला तिथून मागं आणावं लागतं एवढंच.

नवी गाडी आणून तिची जुनी करणे

सगळ्यात राग येतो तो इथं. दहा-बारा लाख घालून गाडी आणायची, आणि पहिल्याच आठवड्यात तिला जाड लोखंडी गार्ड ठोकायचा. आमच्याकडं गार्ड नसलेली गाडी म्हणजे शिंगं कापलेला बैल, अशी समजूत आहे. पण हा गार्ड थेट चेसीला बोल्ट केलेला असतो. धडक बसली की मऊ नाकाला काम करायची संधीच मिळत नाही, जोर सरळ मागं पोचतो. म्हणजे कडब्याच्या गंजीवर आपणच दगडी फरशी टाकतो. धक्का ओळखून एअरबॅग फोडणारा सेन्सर गाडीच्या मूळ नाकाच्या हिशोबानं बसवलेला असतो, त्याचंही गणित चुकतं. समोर पायी जाणारा माणूस किंवा मोटारसायकलवाला असेल तर त्याला लोखंडाचाच मार. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरातच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. तरी ते सर्रास बसवले जातात.

दुसरा उद्योग म्हणजे बेल्टचा आवाज बंद करायला खाचेत नुसती क्लिप अडकवणे. बाजारात मिळते, त्यावर गाडीच्या कंपनीचं चित्रही असतं. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीनं काम करायला बनवलेली आहे. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागात फुगते. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढं गेलेला असतो, आणि फुगणारी बॅग त्याच्या तोंडावर-मानेवर फटका मारते. ड्रायव्हरनं स्टेअरिंगपासून छाती किमान वीतभर लांब ठेवून बसावं, दहा इंच धरा, तेही याचसाठी.

तिसरं, मागच्या सीटवर बेल्ट. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज, म्हणजे सुरक्षेत नाव असलेली. पुढच्या सीटवरचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागं बसलेले दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटला बेल्ट लावणं कायद्यानंही बंधनकारक आहे, दंड हजार रुपये. मागचा माणूस सुटा असेल तर धडकेत तो पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही जखमी करतो.

नवी गाडीही हरते ती जागा

एका धडकेत मात्र पाच स्टारवाली गाडीही फार काही करू शकत नाही. ती म्हणजे रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला मागून धडक. नव्या गाडीचं मऊ नाक आणि त्यामागचा सांगाडा असतो गुडघ्या-मांडीच्या उंचीवर. ट्रॉलीचा फाळका असतो त्याच्या वर, आणि बाहेर आलेला ऊस थेट काचेच्या उंचीला. गाडीचं नाक ट्रॉलीच्या खाली घुसतं. चेंबायची जागा वापरलीच जात नाही, आणि मार बसतो तो काचेला आणि छताच्या खांबांना. तिथं पिंजरा सगळ्यात नाजूक.

मी स्वतः ऊस घालतो. हंगामात ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर नाही, टेललाइट नाही, आणि पंक्चर झाली म्हणून भर रस्त्यात दगड लावून उभी, हे रोज दिसतं. रिफ्लेक्टरच्या पट्टीचा खर्च भरल्या ट्रॉलीतल्या दोन-चार मोळ्यांचा आहे. हे काम गाडीवाल्याचं नाही, आपलं आहे. कारखान्यानं, टोळीनं आणि ट्रॅक्टरवाल्यानं करायचं.

जुनी कुठं सरस

तिचंही देणं देऊन टाकतो. ॲम्बेसिडर किंवा जुनी जीप रस्त्यात बंद पडली तर एक पाना, एक पक्कड आणि वायरचा तुकडा यावर घरी येत होती. कार्बोरेटर फुंकला, पॉइंट घासले, निघाले. मिस्त्री तालुक्यालाच पाहिजे असं नव्हतं. आजच्या गाडीला एक सेन्सर गेला तर मशीन जोडल्याशिवाय कळत नाही, आणि मशीन शहरात. शेताच्या बांधाला, खांबाला हळू वेगात घासलं तर जुन्या लोखंडी बंपरला काही व्हायचं नाही. नव्या गाडीचा बंपर, हेडलाइट, रेडिएटर मिळून बिल ऐकून झोप जाते. एअरबॅग उघडल्या तर त्या नव्या बसवायचा खर्च एवढा येतो की जरा जुन्या गाडीला विमा कंपनी सरळ भंगारात काढते. त्यामुळे "नवी गाडी लगेच मोडते" हे खरं आहे.

म्हणून जीप विकू नका. शेतात, वाडीवर, वीस-पंचवीसच्या वेगात ती अजून राणी आहे. तिला हायवेवर ऐंशीनं, मागं दहा माणसं घालून नेऊ नका.

जुनी घ्यायचीच असेल तर

नवी सगळ्यांनाच परवडत नाही, हे मान्य. मग आरसी बुकात बनवल्याचा महिना-वर्ष बघा. शक्यतो २०२० नंतरची घ्या, म्हणजे समोरच्या धडकेची चाचणी झालेली आणि निदान ड्रायव्हरची एअरबॅग असलेली मिळेल. पंधरा वर्षं झालेली गाडी असेल तर पुन्हा नोंदणी करावी लागते आणि ती पाच वर्षांसाठीच मिळते, तो खर्च किमतीत धरा.

बोनट उघडून दोन्ही बाजूच्या चेसीच्या दांड्या बघा. वेल्डिंगचे ओबडधोबड टाके, वाकवून सरळ केल्याच्या खुणा, एका बाजूला ताजा रंग असं दिसलं तर गाडीचं मऊ नाक एकदा वापरून झालेलं आहे. ते दुसऱ्यांदा तसंच चेंबेल याची खात्री नाही. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. दरवाजाजवळचा खांब कापून जोडलेला असेल तर बोलणीच थांबवा.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही, तर बल्ब काढून टाकलेला असू शकतो, आणि स्टेअरिंगच्या झाकणामागं बॅगच नसेल. एअरबॅग उघडलेली गाडी अशीच विकली जाते. ही तपासणी दलालाच्या सांगण्यावर नाही, स्वतःच्या डोळ्यांनी, चावी आपल्या हातात घेऊन करा.

शेवटी चारी-पाची बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, फाटलेला, जळालेला नको. मग हळू ओढा, तो यायला पाहिजे. एकदम हिसका द्या, तो अडकायला पाहिजे. अडकला नाही तर तो बेल्ट नाही, नुसता पट्टा आहे. तो बदलून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.